देवाची केळ

केळीच्या हिरव्या, गुळगुळीत, पहाटेच्या दवाने थंडगार झालेल्या बुंध्याला बांधलेली एक लाल चिंधी... डोळे मिटले की आमच्या वाडीतलं मला आधी तेच दिसतं. बाकीचं मग हळूहळू येतं. बावखलाच्या शेवाळी पाण्यावर आडव्या पडलेल्या माडांच्या सावल्या, पाटातून झुळझुळत जाणारं पाणी, ओल्या मातीचा आणि कुजक्या पाल्याचा वास, आणि त्या सगळ्यावर तरंगणारा पिकल्या राजेळी केळ्यांचा तो दाट, गोड, जरासा आंबूस दरवळ. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं खोदलेलं तळं. त्याच्याच पाण्यावर आमची केळी, नारळ, पानवेली आणि आम्ही, सगळे जगत होतो. नंदाखाल गावाच्या बाजूला तेव्हा घरं कमी आणि वाड्या जास्त होत्या. काळ सांगायचा तर एकोणीसशे सत्तर-पंचाहत्तरचा.

ती लाल चिंधी असायची आजीच्या जुन्या लुगड्याची. आमच्या ख्रिस्ती बायकांची ती लाल लुगडी तुम्ही पाहिली असतील. जुनी झाली तरी त्यांचा रंग म्हणून जात नसे. दरवर्षी पावसाळा सरता सरता बाबा वाडीत एक फेरी मारत, प्रत्येक केळीपाशी थांबत, मान वर करून कोक्याकडे, म्हणजे केळफुलाकडे, बघत, आणि सगळ्यांत जोमदार राजेळी निवडून तिच्याभोवती ती चिंधी बांधत. बांधून झाली की क्रुसाची खूण करत. तेवढ्याने ती केळ देवाची होई. तिचा लोंगर, म्हणजे सबंध घड, थंडीतल्या सणाला देवळात जायचा. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, अजूनही. पण तोवर देवाच्या केळीला कोणी हात लावायचा नाही. पान कापायचं नाही, बुंध्याचं सुटलेलं सोपट ओढायचं नाही, लपाछपीत तिच्याआड लपायचंसुद्धा नाही. मी एकदा लपले होते. बाबांनी बखोटं धरून मला बाहेर ओढली आणि पाठीत असा धपाटा घातला की माझा डाव तिथेच आटोपला. मी भोकाड पसरलं तर म्हणाले, "इतक्या केळी आहेत वाडीत. देवाचीच सापडली तुला?"

तर हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं, बरं का. लाल चिंधी म्हणजे देवाचं. देवाचं म्हणजे हात लावायचा नाही.

आणि आता कात्री आत्याचं सांगते.

कात्री आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. बाप्तिस्म्याचं नाव कॅथरिन, पण कॅथरिन म्हणायला वेळ कुणाला होता? मी तिच्याच कुशीत झोपायची. आईच्या कुशीत माझा धाकटा भाऊ होता, म्हणून माझी रवानगी आत्याच्या गोधडीत झाली होती, आणि मला त्याचं काडीचंही दुःख नव्हतं. तिच्या अंगाला सुकेळ्यांचा वास यायचा. आमच्याकडे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, त्यांची सुकेळी करतात. मांडवावर चटया टाकून त्यांवर ती फिकट पिवळी केळी ओळीने निजवायची, संध्याकाळी गोळा करून वाळल्या पानांत गुंडाळून ठेवायची, सकाळी पुन्हा उन्हात... असं करत करत ती मधासारखी सोनेरी आणि मग गुळासारखी तांबूस होत जातात. हे काम आत्याचं. तिच्या बोटांची पेरं कायम चिकट असायची आणि तीच बोटं ती माझ्या वेणीत घालायची. मुंग्या माझ्या केसांत का येतात, असं आई वैतागून विचारायची. आत्या मला सुकेळ्याचा तुटका तुकडा द्यायची आणि ओठांवर बोट ठेवायची. ते चिकट बोट, ते ओठ, ते मिटल्या मिटल्या हसणं... अजून कुठे गेलेलं नाही.

एका संध्याकाळी ओटीवर रोजरीची प्रार्थना झाली, आजीने माळ डबीत ठेवली, आणि आत्या बसल्या जागेवरून म्हणाली, "मला सिस्टर व्हायचंय. मठात विचारून आलेय मी."

कंदिलाभोवती पाखरं फिरत होती. मग बाबा म्हणाले, "का? आपल्या घरात तुला काय कमी पडलं?"

"काही कमी पडलं नाही दादा. म्हणून तर."

बाबा उठले आणि अंधारात वाडीकडे चालू लागले. त्यांचं तिच्याशी बोलणं त्या दिवशी थांबलं. भांडले नाहीत हो. आमचे बाबा भांडणारे नव्हतेच. पण त्यांचं गप्प बसणं घरभर पसरायचं, चुलीच्या धुरासारखं. त्यांनीच तिला खांद्यावर बसवून देवळात नेलं होतं, त्यांनीच तिला बावखलात पोहायला शिकवलं होतं, आजोबा लवकर गेले तेव्हापासून तेच तिचे बाप होते. आणि आता ती त्यांना विचारून नव्हे, तर सांगून चालली होती.

आजीचं वेगळं. ती रडायची तेव्हा माजघरात जाऊन रडायची आणि बाहेर आली की ताठ. शेजारीण मुद्दाम पाणी मागायच्या निमित्ताने आली आणि म्हणाली, "मग काय गं, कुणी पसंत केली नाही वाटतं पोरीला?"

आजी म्हणाली, "पसंत चौघांनी केली होती. देवाचा नंबर आधी लागला. पाणी प्यायलीस ना? तांब्या दे."

पण तिचं पुढचं वाक्य मी ऐकलं आणि ते विसरले नाही. शेजारणीची पाठ वळल्यावर ती स्वतःशीच पुटपुटली, "दिली देवाला. आता ती देवाची."

आत्याच्या जाण्याचा दिवस आला. एक पत्र्याची ट्रंक, तिच्यात दोन पांढरी लुगडी... साड्या म्हणा, आमची आजी सगळ्यालाच लुगडं म्हणायची. ट्रंकेची कडी तुटलेली होती. सकाळच्या घाईत कोण लोहाराकडे जाणार? आजी आत गेली, तिने आपलं जुनं लुगडं टरकावलं आणि त्याची लांब पट्टी ट्रंकेभोवती गुंडाळून घट्ट गाठ मारली.

लाल चिंधी!

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. काळ्या ट्रंकेवरची ती लाल गाठ मी बघितली आणि मला सगळं कळलं. म्हणजे मला तसं वाटलं. आत्या सगळ्यांच्या पाया पडली, आईच्या गळ्यात पडली, आणि मग माझ्यासमोर गुडघे टेकून तिने हात पसरले. "ये गं फिलू." मी मागे सरकले. ती पुढे आली, मी आणखी मागे. शेवटी मी धावत जाऊन कणगीआड बसले. तिला वाटलं, पोरगी रुसली. आईलाही तसंच वाटलं. मला तोंडाने सांगता येत नव्हतं की अगं, मला यायचंय, पण तुला चिंधी बांधलीय ना आता!

बाबा त्या सकाळी केळींना पाणी लावत होते. टांग्याचा आवाज वाडीपर्यंत येतो. तो त्यांना ऐकू आलाच असणार. पण ते बाहेर आले नाहीत.

त्यानंतरचे पावसाळे आले आणि गेले. रात्री मी आजीच्या गोधडीत, पण तिथे कापराचा आणि तंबाखूचा वास. सुकेळी आई करायची, पण तिला तो हात नव्हता. कधी कडक व्हायची, कधी आंबायची. आत्याची पहिली व्रतं झाली तेव्हा आई आणि आजी मठात जाऊन आल्या. बाबा गेले नाहीत. वाडीला पाणी लावायचं होतं म्हणे. वाडीला पाणी रोजच लावायचं असतं, हे आम्हा पोरांनाही ठाऊक होतं. बाबा दरवर्षी नेमाने एका केळीला चिंधी बांधत राहिले. फक्त क्रुसाची खूण करताना त्यांचा हात आता जरा जास्त वेळ कपाळापाशी थांबायचा, असं मला वाटे. की ते मी नंतर मनाने घातलं... कोण जाणे.

मग एकदा निरोप आला — आत्या घरी येतेय. एका दिवसापुरती. सकाळी येऊन संध्याकाळी परत.

त्या दिवसाची तयारी काय विचारता! अंगण सारवलं, पायरी घासली, शाळेच्या मास्तरांकडून हाताची खुर्ची मागून आणली, कारण आमच्याकडे होते नुसते पाट आणि बाकडी. आत्या आली. पांढरी साडी, डोक्यावर पांढरं वस्त्र, गळ्यात क्रुस. चेहरा तोच, पण भोवतीचं सगळं पांढरं असल्यामुळे लांबचा वाटणारा. आणि आजी, माझी आजी, जिने तिला जन्म दिला, ती पदर सावरून म्हणाली, "बसा सिस्टर. तुम्ही चहा घेणार?"

इथे मला थांबून एक सांगायला हवं. आमच्या घरच्या बोलीत — ती इथे लिहिली तर तुम्हाला अर्धी कळायची नाही, म्हणून मी सरळ मराठीत लिहितेय — त्या बोलीत आई-बापाला, आजी-आजोबाला, सगळ्यांना अगं-अरेच. 'तुम्ही' म्हणायचं ते फादरना, मास्तरांना आणि तालुक्याहून कुणी साहेब आला तर त्याला. म्हणजे 'तुम्ही' हा शब्द आमच्याकडे उंबऱ्याबाहेरचा. आणि आता तो उंबऱ्याच्या आत, मास्तरांच्या खुर्चीवर येऊन बसला होता.

आत्याचा चेहरा उतरला. "आई, असं काय बोलतेस?"

"नाही, आता तुम्ही देवाच्या," आजी खाली बघत म्हणाली. "नीट बोलायला हवं."

बाबा आले. खांद्यावरच्या पंच्याने हात पुसले, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार सिस्टर. प्रवासात त्रास नाही ना झाला तुम्हाला?"

आजीचं 'तुम्ही' भाबडं होतं. बाबांचं तसं नव्हतं. बाबांचं 'तुम्ही' म्हणजे भिंत होती, एकेक वीट निवडून रचलेली. आत्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. "नाही झाला, दादा," एवढंच ती म्हणाली. मग बाबा पुन्हा वाडीत निघून गेले.

ती खुर्चीत बसून राहिली. चहा कपबशीतून आला. एरवी ती पितळीतून फुंकर मारत प्यायची. मी दाराआडून बघत होते. तिने मला दोनदा हाक मारली. मी दोनदा मान हलवली.

जेवायची वेळ झाली तशी आजी म्हणाली, "फिलू, पळ, केळीचं पान आण. सिस्टर काय आपल्या त्या पोचे पडलेल्या ताटात जेवणार?" मी कोयती घेऊन वाडीत गेले. पान कापलं, चिकाने हात भिजले. केळीच्या चिकाचं तुम्हाला माहीत असेल. अंगाला लागला तर निघतो, कपड्याला लागला तर कपडा फाटेल पण डाग निघणार नाही. मी वळले तर मागे आत्या उभी. चपला काढून, अनवाणी, साडी घोट्यावर उचलून पाटाच्या कडेने आलेली. वाडीच्या हिरव्या अंधारात ती पांढरी साडी अशी दिसत होती... जणू दिवसाउजेडी कुणी मेणबत्ती लावून ठेवली आहे.

"माझ्यावर अजून रागावलीस?" तिने विचारलं.

"नाही."

"मग जवळ का येत नाहीस?"

"तू... तुम्ही देवाच्या आहात. हात लावला की बाबा मारतात."

तिला काही कळेना. मी कोयतीच्या टोकाने दाखवलं — पलीकडे त्या वर्षीची देवाची केळ उभी होती, कमरेला लाल चिंधी, वर टपोरा लोंगर. "तुमच्या ट्रंकेला पण तीच बांधली होती," मी म्हटलं. "मी बघितलं होतं."

आत्या आधी केळीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि मग तिला असं हसू फुटलं की डोक्यावरचं वस्त्र मागे घसरलं. बारीक कापलेले केस दिसले. हसता हसता तिने डोळे पुसले, ते बराच वेळ पुसत राहिली. मग पाटाच्या बांधावर बसली. "बरं, मला सांग. सणाला तो लोंगर देवळात जातो. पुढे त्याचं काय होतं?"

"वेदीपुढे ठेवतात."

"आणि मिस्साची प्रार्थना झाल्यावर?"

"बाहेर आणतात. कापतात."

"आणि?"

"वाटतात. फादर दारात उभे राहून एकेक देतात. मला मागच्या वर्षी दोन मिळाली, एक जोडकेळं होतं."

"फक्त आपल्या घरच्यांना देतात?"

"छे! सगळ्यांना. कोळीवाड्यातल्यांना पण, मिठागरावरच्यांना पण. तो लांबून येणारा आंधळा म्हातारा आहे ना, त्याला पण."

"मग देव खातो केव्हा?"

एवढी वर्षं मी त्या केळीला घाबरत होते आणि हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

"अगं वेडे," आत्या म्हणाली, "त्या केळीला आत्ता हात लावू देत नाहीत, ते नंतर सगळ्यांना मिळावी म्हणून. देवाला काय करायचीत केळी? आणि मला तर तोडून नेऊन झालं की. मी आता वाटायची आहे. तू तुझा वाटा घ्यायचा नाहीस?"

मी कोयती टाकली आणि तिच्या अंगावर पडले. तीन वर्षांचं सगळं साठलेलं एकदम. तिच्या गळ्यात नाक खुपसलं. साबणाचा आणि खळीचा वास होता, आणि त्याच्या खाली, अगदी खाली, माझ्या आत्याचा. मी दोन्ही हातांनी तिला आवळून धरलं, पाठीवरून, खांद्यावरून. आणि मग मला बाबांचा आवाज आला.

"अगं कात्रे!"

बाबा बावखलाच्या काठावर उभे होते, हातात पाणी वळवायचं फावडं. "अगं अक्कल गहाण टाकलीस का? पांढऱ्या कपड्यांत केळीत शिरतात का? बघ, बघ पाठ तुझी! आणि ही कार्टी, हात बघा हिचे! आता तुझी ती मदर तुला काय म्हणेल गं? जन्मात निघायचा नाही हा डाग! एवढी मोठी झालीस, वाडीत वाढलीस, तुला सांगायला हवं का हे?"

ते बोलतच राहिले. तीन वर्षांचं बोलणं होतं ते. आत्या जागची हलली नाही. मला उराशी धरून ती तशीच बसून राहिली, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि चेहरा सबंध हसत होता. कुणी आपल्याला इतकं बोलतंय आणि आपण इतकं सुखी व्हावं, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही फारसं नाही.

"ओरड दादा," ती म्हणाली. "अजून ओरड."

बाबा एकदम थांबले. आपण काय म्हणालो ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी फावडं टेकवलं, तोंड फिरवलं, उगाच पाटातला एक दगड पायाने सरकवला. मग म्हणाले, "चल घरी. लिंबू-मीठ लावून बघू."

लिंबू-मिठाने काही झालं नाही. आजीने कपाळाला हात लावला, "सिस्टरांच्या अंगावर चीक!" म्हणाली, पण आत्या म्हणाली, "राहू दे आई. घरचा आहे." आणि मग पाटावर मांडी घालून, पोचे पडलेल्या ताटात जेवली. पान मी कापलं होतं ते गाईला गेलं. संध्याकाळी सुकेळ्यांची पुडकी, हो, तीच कडक झालेली, घेऊन बाबा स्वतः तिला एसटीपर्यंत सोडायला गेले. पाठीवर माझ्या दहा बोटांचे तपकिरी ठसे घेऊन ती पांढरी साडी वाटेच्या वळणावर दिसेनाशी झाली.

त्यानंतर ती वाटली गेली. खरंच, दुसरा शब्द नाही. व्रतं कायमची झाली, नर्सिंग शिकली, आणि तिला पार विदर्भाच्या टोकाला, जंगलातल्या गावांमध्ये धाडलं. तिथे मठाचा छोटासा दवाखाना. वर्षानुवर्षं ती तिथेच. आमच्या वाट्याला ती आली थोडी थोडी, लग्नाला नाही तर मयताला, कधी सणाला. आली की आधी वाडीत जायची. पुढे वाडीच राहिली नाही. बाबा असेपर्यंत चिंधी बांधली जायची. ते गेले, भावांच्या वाटण्या झाल्या, बावखलात भराव पडला. आता तिथे चार मजली इमारत आहे आणि जिथे देवाची केळ उभी असायची त्या अंदाजाने बघितलं तर कुणाची तरी मोटार उभी असते. मी मागच्या दाराला दोन राजेळी लावल्यात, पण त्यांना बावखलाचं पाणी कुठलं. लोंगर येतो, तो बारीक.

काही वर्षांपूर्वी ती गेली. फोन आला तेव्हा मी आणि भाऊ रेल्वेने निघालो, मग बस, मग जीप. लाल मातीचा रस्ता, सागाची झाडं, पळसाची पानं. त्या मुलखात मी आधी कधीच गेले नव्हते. आमची आत्या आयुष्यभर जिथे राहिली ती जागा मी ती गेल्यावर बघत होते. तिथल्या साध्या कौलारू देवळात तिला ठेवलं होतं. पांढरी साडी, हातात रोजरी. आणि देवळाच्या दारापासून बाहेर, अंगणातून, कुंपणाच्या पलीकडे, रांग. काळ्यासावळ्या बाया, कडेवर पोरं, काठी टेकणारी म्हातारी माणसं, मळक्या सदऱ्यातले बाप्ये. प्रत्येक जण आत जात होता, वाकून तिच्या हाताला हात लावत होता, कुणी तो हात कपाळाला, कुणी डोळ्यांना, कुणी कडेवरच्या लेकराच्या डोक्याला लावून बाहेर येत होता.

एक तरुण सिस्टर पायरीवर आली. आम्ही पोचल्याचं तिला कुणी तरी सांगितलं असावं. आम्हाला ती ओळखत नव्हती. तिने रांगेकडे बघून हाक दिली, "सिस्टर कॅथरिनच्या घरचे कोण आलेत? घरच्यांनी पुढे या."

आणि ती सगळी रांगच्या रांग एक पाऊल पुढे सरकली.

भावाने माझ्याकडे बघितलं. तो हात वर करणार होता. मी त्याचा हात धरला, खाली घेतला आणि आम्ही दोघं मागे जाऊन रांगेच्या टोकाला उभे राहिलो. माझ्यापुढच्या बाईने वळून मला जरा जागा करून दिली, तिच्या बोलीत काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत, पण ती 'तू' म्हणाली, एवढं कळलं. मी मान हलवली.

ऊन कलत होतं. रांग हळूहळू पुढे जात होती. मी पदराने हात पुसले, जणू अजून चीक लागलेला... आणि मग माझं मलाच हसू आलं, म्हटलं, कशाला पुसतेस? आणि माझी पाळी येईपर्यंत तशीच उभी राहिले.